अकरा किलोमीटरची गाडी

चारोटी नाक्यावर मी तेहेतीस वर्षं गॅरेज चालवलं. आता पुतण्या बघतो. मी दुपारचा जाऊन बसतो आणि त्याच्या कामात चुका काढतो. या अंकासाठी काहीतरी लिहा असं सांगायला संपादकबाई आल्या, तेव्हा त्यांनी विचारलं, "मिस्त्री, एवढ्या वर्षांत सगळ्यात अवघड काम कुठलं?" त्यांना वाटलं असणार, मी पुलाच्या कठड्यावर लोंबकळणारा ट्रक सांगेन. तसे ट्रकही काढलेत. पण सगळ्यात अवघड काम मी पाना हातात न घेता केलं, आणि ते दोन शब्दांचं होतं. तेच सांगतो, फक्त थोडं लांबून. सरळ सांगायची मला सवय नाही.

माझ्याकडे दोन जातींची गिऱ्हाइकं यायची. गाडी वापरणारी आणि गाडी जपणारी. वापरणाऱ्यांत पहिला नंबर काशिनाथचा. तो कासा ते आतल्या पाड्यांपर्यंत वडाप जीप चालवतो. जीपमध्ये माणसं, कोंबड्या, खताच्या गोणी आणि बाजाराच्या दिवशी मागे लटकलेले आणखी चौघे. डाव्या दाराला कडी नाही, नायलॉनची दोरी आहे. किलोमीटर मोजणाऱ्या मीटरची केबल तुटली ती त्याने परत बसवलीच नाही. मी एकदा विचारलं, "काशिनाथ, किती चालली असेल रे ही?" तर म्हणतो, "मिस्त्री, मोजली तर काय कमी चालणार?" त्या जीपला मी किती शिव्या घातल्या असतील याचा हिशोब नाही, पण ती गॅरेजात आली आणि मी तिला चालू करू शकलो नाही असं एकदाही झालं नाही. रोज वापरातलं इंजिन आपलं दुखणं आवाजात सांगतं. उभी गाडी काही बोलत नाही, आणि तीच खरी लबाड.

जपणाऱ्यांत तलासरीचे एक गुरुजी आठवतात. नवी गाडी घेतली तेव्हा सीटवर कंपनीचं प्लास्टिक होतं, ते त्यांनी नऊ वर्षं काढलं नाही. उन्हाळ्यात बायकोच्या पाठीला चिकटायचं, मुलं घसरायची, पण सीट कोरी राहिली पाहिजे. शेवटी गाडी विकली. नव्या मालकाने माझ्याच गॅरेजात, गुरुजींच्या डोळ्यांदेखत ते प्लास्टिक टराटरा फाडलं आणि कापडावर ऐसपैस बसला. गुरुजी मला हळूच म्हणाले, "मिस्त्री, आम्ही बसलोच नाही हो या सीटवर." मी हसलो होतो तेव्हा. पुढे हेमंतभाऊंची गाडी आली आणि माझं हसणं माझ्याच गळ्यात आलं.

हेमंतभाऊंची नरपडच्या बाजूला चिकूची वाडी. समुद्र हाकेच्या अंतरावर. त्यांच्या टेम्पोचं काम वीस वर्षं माझ्याकडे. टेम्पो भाऊ नाही, निर्मलावहिनी चालवायच्या. पहाटे तोडलेला माल खोक्यांत भरून बाजारात पोचवायचा, हे त्यांचं काम. डोक्याला रुमाल, कोपर खिडकीबाहेर आणि प्रत्येक वळणावर हॉर्न. रेल्वेचं फाटक बंद असलं की त्या पहिल्यांदा इंजिन बंद करायच्या. मिनिटभर थांबायचं असलं तरी बंद. कोणी हसलं तर म्हणायच्या, "डिझेल काय झाडाला लागतं चिकूसारखं?" माझ्या गॅरेजात गाडी चालू ठेवून बोलत बसलेल्या माणसाला तर त्या रागेच भरायच्या, मग गाडी कोणाची का असेना.

भाऊंना मात्र एकच वेड. चिकू भरायच्या शेडमध्ये भिंतीवर एका जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलेलं होतं, लाल अमेरिकन गाडीचं. कॉलेजात असताना लावलेलं. कागद पिवळा पडला, गाडी गुलाबी दिसायला लागली, तरी पान तिथेच. मग वाडीच्या मागचा जमिनीचा तुकडा नव्या रस्त्यात गेला, त्याचा मोबदला आला आणि भाऊंनी कोणाला न सांगता ती गाडी घेतली. त्याच जातीची, नव्या बनावटीची. लाल, दोन दारांची, लांब नाकाची. अशा गाडीला मसल कार म्हणतात, म्हणजे दंड थोपटून उभी असलेली गाडी. आपल्या रोजच्या गाडीला तीन नाहीतर चार सिलिंडर असतात, हिला आठ. आपल्या खड्ड्यांत एवढ्या ताकदीचं करायचं काय, हे विचारू नये. कुस्तीगिराला कोणी विचारतं का, की गोण्या किती उचलणार म्हणून?

गाडी ट्रकवर चढवून आणली. खरचटायला नको म्हणून भाऊंनी ती मुंबईहून चालवत आणली नाही. शेडमध्ये उतरवली तेव्हा मीटरवर अकरा किलोमीटर होते. पूजा झाली, वहिनींनी चाकाखाली लिंबू ठेवलं, भाऊंनी गाडी वीतभर पुढे घेतली, लिंबू फुटलं. तेवढाच तिचा प्रवास.

कारण त्याच आठवड्यात सुरतेहून एका शौकीन शेठचा फोन आला. जुन्या-नव्या दुर्मिळ गाड्या जमवायचा त्याचा नाद. त्याने भाऊंना पटवलं की असली मोठी इंजिनं आता संपली, विजेच्या गाड्या आल्या, ही गाडी आपल्या देशात परत विकायला येणार नाही. चालवू नका, ठेवा. जितकी कमी चालेल तितकी मोलाची. दर दोन-तीन महिन्यांनी तो फोन करायचा आणि म्हणायचा, "अगियार एटले अगियार हं, भाऊ!" म्हणजे अकरा ते अकराच राहिले पाहिजेत.

आणि ते अकरा राखायचं काम माझ्याकडे आलं. खोटं कशाला बोलू, मी फुलून गेलो. साऱ्या डहाणू तालुक्यात अशी गाडी एक आणि तिचा मिस्त्री मी. दर शनिवारी सकाळी वाडीवर जायचो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो, म्हणून खालून मेणाचा थर दिला. उंदीर वायरी खातात, आणि चिकूच्या शेडमध्ये उंदरांना काय कमी, म्हणून सायलेन्सरच्या तोंडाला बारीक जाळी बसवली. टायर एका जागी दबून चपटे होतात, म्हणून गाडी चार घोड्यांवर चढवली. घोडी म्हणजे लोखंडी तिपाई, चाकं जमिनीपासून अधांतरी राहतात.

आता आमच्याकडची एक गोष्ट बाहेरच्या वाचकांना सांगायला हवी. डहाणू-तलासरीत गेली काही वर्षं जमीन हलते. मोठा भूकंप नाही, छोटे छोटे धक्के. कधी आठवड्यात चार, कधी महिनाभर काहीच नाही. सुरुवातीला लोक धास्तावले, आतल्या पाड्यांवर अंगणात ताडपत्र्या टाकून राहिले. मग अंगवळणी पडलं. भांडं वाजलं की "बसला" म्हणायचं आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायचं. आणि कोणी "बसला" म्हटलं की आपल्याला कळला नसला तरी "हो हो, जाणवला" म्हणायचं. नाही म्हणणारा मठ्ठ ठरतो. अशा मुलखात मी एवढी मोलाची गाडी तिपायांवर चढवली. वहिनी म्हणाल्यासुद्धा, "मिस्त्री, इथे घर जागेवर राहत नाय आणि तुम्ही गाडीला स्टुलावर बसवताय?" एका दुपारी खरोखरच जोराचा बसला आणि एक घोडी बोटभर सरकली. भाऊंचा मला फोन आला. घराच्या भिंतीला तडा गेला होता, त्याबद्दल चकार शब्द नाही. "मधू, घोडी सरकली रे!" मी चारोटीहून जीव मुठीत घेऊन आलो, गाडी खाली उतरवली आणि टायरमध्ये जास्तीची हवा भरून गोणपाटांवर उभी केली. वहिनी दारात उभ्या राहून पदराआड हसत होत्या.

शनिवारचा कार्यक्रम ठरलेला. मी कव्हर काढायचो, बॅटरीची तार जोडायचो, भाऊ आत बसून इंजिन चालू करायचे. पाच मिनिटं. तो आवाज काय सांगू! शेडचे पत्रे हलायचे, खोक्यांतले चिकू एकमेकांना लागायचे. भाऊ डोळे मिटून बसायचे. मग बंद करून विचारायचे, "मधू, अकराच ना?" मी म्हणायचो, "अकराच."

इथे मी एक पाप केलं. उभ्या गाडीचं इंजिन दर आठवड्याला पाच मिनिटं चालवणं म्हणजे तिची काळजी घेणं, असं सगळ्यांना वाटतं. खरं उलट आहे. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. आत पाण्याचा अंश धरतो तो तसाच राहतो, तेलात मिसळतो, सायलेन्सर आतून कुजायला लागतो. एकतर गाडी नीट बंद करून ठेवावी, नाहीतर रस्त्यावर काढून चांगली तापवावी. हे मला पहिल्या शनिवारपासून माहीत होतं. मी बोललो नाही. भाऊंचे ती पाच मिनिटं मिटलेले डोळे बघून जीभ रेटायची नाही. आणि शनिवारचा तो मानही मला सोडवत नव्हता.

गेल्या वर्षीची गोष्ट. चहा यायचा, भाऊ कप उचलायचे आणि बशीत कप वाजायचा. भाऊ म्हणायचे, "बसला बघ. बारीक होता." मी म्हणायचो, "हो, जाणवला." दुसऱ्या शनिवारी परत. चाव्यांचा जुडगा वाजला, "बसला." दोन-तीन महिने असं चाललं. मी घरी जाऊन बायकोला सांगायचो, नरपडला जरा जास्तच बसतात.

एका शनिवारी गाडी पुसायला मी बादलीभर पाणी घेऊन बसलो होतो. कप वाजला. भाऊ म्हणाले, "बसला." माझी नजर सहज बादलीत गेली. पाणी आरशासारखं. वर आढ्याला चिकू तोलायचा काटा साखळीने टांगलेला, तोही सरळ. मी भाऊंच्या हाताकडे बघितलं. उजवा हात मांडीवर ठेवलेला, आणि अंगठा आपोआप बोटावर घासल्यासारखा हलत होता. भाऊंनी तो दुसऱ्या हाताखाली घेतला. मी म्हणालो, "हो, जाणवला."

घरी येताना मला स्वतःचीच लाज वाटली.

चार दिवसांनी वहिनी टेम्पो घेऊन चारोटीला आल्या. म्हणे ब्रेक लागत नाही. ब्रेक उत्तम होता. मी तसं म्हणालो तर वहिनी टायरवर बसल्या आणि म्हणाल्या, "कंपवात आहे त्यांना. डॉक्टरची चिठ्ठी माझ्या हाती लागली. त्यांना वाटतं मला माहीत नाय. कप वाजला की मीपण बोलते, बसला वाटतं." मग रुमालाने तोंड पुसून म्हणाल्या, "सुरतवाला येत्या रविवारी येतोय. हे गाडी देऊन टाकतायत. मला बोलले, भाव चांगला आलाय. भावासाठी नाय देत हो. आपल्याच्याने आता होणार नाय, असं वाटलंय त्यांना. त्या पानासमोर उभे होते काल, मी बघितलं. मिस्त्री, एकदा तरी चालवायला हवी होती ना त्यांनी? माझं ऐकणार नायत. मी बोलले तर मला कळलंय हे त्यांना कळेल, आणि मग ते माझ्यासमोर कपच उचलणार नायत."

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"ते मला काय ठाऊक? मिस्त्री तुम्ही आहात."

पुढचा शनिवार उजाडला. सुरतवाला दुसऱ्या दिवशी यायचा होता. मी कव्हर काढलं, गाडी अशी चमकत होती की तीन वर्षांच्या माझ्या मेहनतीला कोणीही सलाम केला असता. उद्या तो शेठ माझी पाठ थोपटणार होता, हेही मनात आलं, लपवत नाही. चहा आला. कप वाजला.

"बसला बघ," भाऊ म्हणाले.

मी बादलीकडे बघितलं आणि म्हणालो, "नाही बसला."

हेच ते दोन शब्द. तेहेतीस वर्षांत मी लोकांना इंजिन गेलं, गाडी भंगारात घाला, असं तोंडावर सांगितलंय. पण हे दोन शब्द त्या सगळ्यांहून जड होते. भाऊंनी कप खाली ठेवला. बाहेर बाया चिकू धूत होत्या, त्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता.

"कधीपासून माहीत आहे?"

"बादलीपासून," मी म्हणालो. त्यांना कळलं नाही, मग मी सगळं सांगितलं. वहिनींचं सोडून.

"निर्मलाला बोलू नको."

मी गप्प बसलो. माझं गप्प बसणं मात्र त्यांना बरोबर कळलं. ते खाली बघून म्हणाले, "असं आहे होय." त्यांचे डोळे भरले. माझेही भरले, सांगायला कसला संकोच?

मग मी माझं पाप सांगितलं. म्हणालो, "भाऊ, तुम्ही मला धक्का बसला म्हणून फसवलंत, तर मीही तुम्हाला फसवलंय. हे पाच मिनिटं चालू करणं गाडीला चांगलं नाही. तिला आतून पाणी धरतंय. तीन वर्षं मला माहीत आहे."

भाऊ एकदम ताठ झाले. स्वतःच्या दुखण्याला जो माणूस शांत होता, तो गाडीच्या दुखण्याला घाबरला. "किती खराब झाली?"

"अजून नाही. चालवली तर होणारही नाही."

"माझा हात बघतोस ना?"

"डॉक्टर काय म्हणाले? गाडी चालवू नका म्हणाले?"

डॉक्टरांनी तसं सांगितलं नव्हतं. म्हणाले होते, सकाळी गोळी घेतल्यावर दोन-अडीच तास हात ठीक राहतो. उजेडात, ओळखीच्या रस्त्यावर, बरोबर कोणीतरी असताना, थोडंसं चालेल. सध्या. पुढचं पुढे बघू. हे 'सध्या' भाऊंनी ऐकलंच नव्हतं. त्यांनी फक्त 'पुढे' ऐकलं होतं.

संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोरच सुरतेला फोन लावला. म्हणाले, "शेठ, येऊ नका. अकराचे बारा होणार आहेत."

मला आठवडा लागला. जुनं पेट्रोल काढलं, तेल बदललं, ब्रेक सोडवले. विम्याची मुदत संपली होती, तो भरायला लावला. प्रदूषणाचं सर्टिफिकेट देणारा पोरगा वाडीवर आला आणि मशीन लावायच्या आधी त्याने गाडीबरोबर चार फोटो काढले.

मग एका सकाळी, भाऊंनी गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाने, आम्ही निघालो. भाऊ चालवायला, वहिनी शेजारी आणि मागे मी. असल्या गाडीची मागची सीट माणसांसाठी केलेली नसते. माझे गुडघे हनुवटीला लागले होते. फाटकातून बाहेर पडताना भाऊंनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं होतं, जसं कोणी नवं मूल धरावं. समुद्राच्या कडेचा रस्ता, सुरूची झाडं, वलाणीवर वाळत घातलेले बोंबील. गाडी वीस-तीसच्या वर गेली नाही. म्हशी आमच्या पुढे चालत होत्या. पण आवाज! कोळणी पाट्या खाली ठेवून बघत राहिल्या. भाऊंनी खिडकीबाहेर हात काढून त्यांना दाखवला. तो हात त्या वेळी अगदी स्थिर होता. मी मागून बघत होतो, मला चुकायचं कारण नाही.

डहाणूची गर्दी सुरू व्हायच्या आधी भाऊंनी गाडी स्वतःहून कडेला घेतली. उतरले, फेरी मारून वहिनींच्या दाराशी आले. "आता तू," म्हणाले.

"मी? ही?"

"मग काय मधूला देऊ? तो गुडघ्यांत अडकलाय."

वहिनींनी रुमाल बांधला. या गाडीला क्लच नसतो, गिअर आपोआप पडतात. पण वीस वर्षं टेम्पो चालवलेला डावा पाय ऐकतो थोडाच? त्याने क्लच समजून ब्रेकच दाबला आणि आम्हा तिघांची डोकी एकदम पुढे आली. भाऊ एवढे हसले की त्यांना खोकला लागला. नंतर वहिनींनी कोपर खिडकीबाहेर काढलं, हॉर्नवर हात ठेवला आणि चारोटीपर्यंत गाडी अशी आणली की मी मागे देवाचं नाव घेत होतो. मीटरकडे कोणी बघितलं नाही. मी तरी नाही.

गॅरेजसमोर गाडी थांबली तेव्हा काशिनाथची जीप आधीच उभी होती, दोरीचं काम निघालं होतं. जीपमधली सगळी माणसं उतरून गाडीभोवती जमली. भाऊ उतरून बोनेटपाशी उभे राहिले. घरून निघून बराच वेळ झाला होता. रस्त्यात दोनदा चहाला थांबलो होतो, आणि गोळीचा अंमल उतरत आला होता. उजवा हात त्यांनी पाठीमागे घेतलेला मला दिसला.

काशिनाथने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हळूच बोनेटच्या कडेवर तळवा टेकवला. "मिस्त्री, ही तर थरथरते! हात बघा माझा."

"इंजिन चालू आहे बाबा. आठ सिलिंडर आहेत," मी म्हणालो.

"शेठ, तुम्ही ठेवा ना हात. बघा कशी थरथरते!"

भाऊ क्षणभर थांबले. मग त्यांनी पाठीमागचा हात पुढे आणला आणि काशिनाथच्या हाताशेजारी ठेवला. जीपमधल्या एका म्हातारीने ठेवला. आणखी दोघांनी ठेवले. मी त्या पाच हातांकडे बघत राहिलो. सगळे सारखेच हलत होते.

स्टिअरिंगवर बसलेल्या वहिनीही काचेतून तेच बघत होत्या. रेल्वेच्या फाटकात मिनिटभर थांबायचं असलं तरी इंजिन बंद करणारी ही बाई. किल्लीवर त्यांचा हात गेला होता. त्यांनी तो काढून मांडीवर ठेवला आणि चांगली दहा मिनिटं पेट्रोल जळू दिलं.